अप्पांचं घड्याळ

अप्पा, जय भीम.

पूर्णेच्या ठाण्यात तुमी जमादार होता अन् मी नवा शिपाई. दुकानातला कॅमेरा जप्त करताना त्याच्या रेकॉर्डिंगच्या मशीनला हात लावायच्या आधी तुमी मनगट पुढं करायचे. "सिद्धोधन, मशीनची वेळ अन् माझ्या घड्याळाची वेळ, दोन्ही लिव." मग ताडकळसच्या बाजारात भजी खाऊ घालायचे. लय गोड दिवस होते.

नोकरी सोडून मी वकील झालो, तरी त्याच शिकवणीवर माझी वकिली चालायलीय.

आज परभणीच्या कोर्टात तुमच्याच पंचनाम्यावर मी तुमची उलटतपासणी घेतली. मशीनचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढं होतं, म्हणून चोरीच्या आधीच निघून गेलेलं गिऱ्हाईक चोर ठरलं होतं. तो माझा पक्षकार. मी विचारलं, "घड्याळ जुळवलं होतं?"

"जुळवलं, लिवायचं राहिलं," असं तुमी म्हणाला असता तर मी अडकलो असतो. तुमी सरळ माझ्याकडं बघितलं.

"न्हाई, वकीलसाहेब. चूक माझीच हाय."

एवढं खरं कशाला बोलायचं, अप्पा?

पाया पडायला मी मागोमाग धावलो. जिन्यापाशी तुमी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायला लागला होता. मी तिथूनच मागं फिरलो. हे पत्रही टाकायची हिंमत न्हाई.

तुमचाच शिपाई,
सिद्धोधन