चौकशीत बोटे न पाहिल्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
उपचार केंद्र नोंदणी शाखा

विषय : अर्जदारास निर्दोष ठरवणारा अहवाल मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘तक्रारदार व सामनेवाला एकच असल्याने अर्ज निकाली’.

महोदय,

१. अर्जदार ही लहान मुलांवर ॲक्युपंक्चरचे उपचार करते. मुले तिला सुईमावशी म्हणतात. गेल्या वर्षी सहा वर्षांची एक मुलगी, अंथरूण ओले होते म्हणून, आईसोबत आली. गुडघ्याजवळ सुई टेकताच “मावशी, गार लागतंय गं” म्हणाली. अर्जदाराने पाकिटातून दुसरी सुई काढली आणि टोचण्यापूर्वी हातमोज्याविना चिमटीत धरून सुईला ऊब दिली. ही तिची जुनी सवय. त्यामुळे मुले रडत नाहीत.

२. त्या दिवशी अर्जदाराच्या अंगठ्याला नखुरडे झाले होते. एवढ्याशा नखुरड्याचे काय कौतुक, म्हणून तिने साधी पट्टीही लावली नाही. चौथ्या दिवशी मुलीला ताप भरला, गुडघा सुजला, सांध्यात पू झाला. शस्त्रक्रियेने जीव वाचला. पाय पूर्ण वाकत नाही.

३. आपल्या पथकाने सुयांची बंद पाकिटे पाहिली, कचऱ्याचा डबा उपसला. बोटे पाहिली नाहीत. तोवर अंगठा बराही झाला होता. कोणी विचारले नाही, आणि अर्जदार मूग गिळून बसली. पुढे तिने स्वतःविरुद्ध केलेला अर्ज आपण संदर्भातील पत्राने निकाली काढला.

४. मुलगी शाळेला जाताना केंद्रावरून जाते. एक पाऊल टेकते, दुसरे घासते. हा आवाज सुटीच्या दिवशीही येतो, याची कृपया नोंद घ्यावी. मुलगी खिडकीकडे पाहून रोज हात करते, ते अर्जदाराला सहन होत नाही.

५. आपल्या अहवालावर विसंबून तिची आई आता धाकटीला आणणार आहे. “तुमच्या हाताला गुण आहे, मावशी,” असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने तेव्हाच नाही म्हणायचे होते. तिने वेळ लिहून दिली : सोमवार, साडेदहा.

सबब, सोमवारपूर्वी केंद्रास टाळे ठोकावे. तशी तरतूद नसल्यास निदान कोणीतरी येऊन अर्जदाराची बोटे पाहून जावे. ती दिवसभर हात धुऊन बसलेली असते.

आपली,
अहवालानुसार निर्दोष
अर्जदार

शुक्रवार

सोबत : अहवाल, मूळ प्रत. परत नको.

प्रत : मुलीच्या आईस. आज स्वतः नेऊन दिली. त्यांनी दारात उभ्यानेच वाचली. वाचून होईपर्यंत थोरली आतून हात करत होती.