साठीनंतरची घाई

नेहरू नगर, भिलाई
१४ जुलै २०२४

चि. सौ. शालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नको, इकडे सगळं खुशाल आहे. फोन असताना दादा पत्र कावून लिहून राहिला म्हणशील, तर मी शाईचा पेन घेतला आहे. प्लांटच्या लॉगबुकात सारा जन्म कोंबडीचे पाय काढले, आता अक्षर सुधारून राहिलो. त्यासाठी कोणाले तरी पत्र लिहायले पायजे, अन् बहीण मले एकच आहे.

रिटायर झालो तेव्हा सगळे म्हणाले, केवलराम, आता आराम. अवं, आराम कायचा? रोलिंग मिलच्या शिफ्ट करता करता जे जे राहून गेलं, ते सारं आता दारात रांग लावून उभं आहे. सकाळी तबला. दुपारी सेक्टर सहाच्या पोट्ट्यांना शाडूचे गणपती शिकवतो. संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची तालीम. त्यात मी गावचा जमीनदार, मालगुजार आहो, पांढऱ्या मिशांचा. नंदिनी नगरच्या खाणीतून रिटायर झालेला माझा दोस्त देवीदास नाटक बसवून राहिला. रात्री अंथरुणावर पडलो की बोटं उशीवर ताल धरतात, अन् डोक्यात मालगुजार बोलत राहते. इतका आनंद मले नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तुझी वहिनी मजेत आहे. जेवायले तरी घरी येत जा, म्हणते.

जवाईबापूंना नमस्कार. अक्षर कसं वाटलं ते खरं खरं कळवणे.
तुझा,
केवलदादा

•

तुमसर
२३ जुलै २०२४

ती. दादास,
शालूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमन घेऊन आला तर सासूबाईंनी देवच आठवला. त्यांना वाटलं, कोणाचं काही बरंवाईट. मग मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर हे हसून हसून खोकले. अक्षर पहिल्या पानावर चांगलं आहे. दुसऱ्या पानावर कोंबडी परत आली.

दादा, तुले असं खुश पाहून मले किती बरं वाटते, सांगू शकत नाही. पण तुझा दिवस वाचतानाच मले दम लागला. शिफ्ट सुटली अन् तू तीन-तीन शिफ्ट अंगावर घेतल्या. सगळं एकाच पावसाळ्यात कावून करायचं? तबला काय पळून चालला?

अजून एक. एवढ्या लांब पत्रात वहिनीले दीड ओळ आली. तिनं तुझ्या रिटायर व्हायची वाट आपल्यापेक्षा जास्त पाहिली होती, मले माहीत आहे.

रागावू नको. रागावलास तर मालगुजाराच्या आवाजात रागाव, म्हणजे तालीम होऊन जाईल.
माया आहे तशीच राहू दे.
शालू

•

नेहरू नगर, भिलाई
१५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद.

परवा नाटक झालं. त्या दिवशी सकाळी पोट्ट्यांच्या मूर्तींचं प्रदर्शन होतं, दुपारी भजनात तबल्यावर मी. तिथून तसाच स्टेजवर गेलो, वहिनीनं पाठवलेला डबा न उघडता. दुसऱ्या अंकात मालगुजार कुळाले दरडावते, ती जागा आली अन् डोकं कोरं झालं. तोंड उघडलं तर बाहेर काय निघावं, धा धिं धिं धा. लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. मी परत तोंड उघडलं, परत तेच. देवीदासनं पडदा पाडला.

दोन महिने ज्यांनी तालीम केली, त्या पोरांचे चेहरे मी पाहिले.

सगळं बंद केलं. तबला, माती, नाटकाची वही माळ्यावर टाकली. या वयात मले हे सुचलंच कावून, तेच समजत नाही. पेनही आता ठेवून देतो.

तब्येतीले जप.
केवलदादा

•

नेहरू नगर, भिलाई
६ ऑक्टोबर २०२४

सौ. शालूताईंना,
राधावहिनीकडून आशीर्वाद.

तुमच्या दादाचा पेन घेऊन मीच लिहून राहिली. तुमचा फोन आला की हे समोरच असतात, म्हणून मोकळं बोलता येत नाही.

खरं सांगू का, यांचं सगळं बंद झालं तेव्हा आधी मले बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, माणूस घरी आला. पण हे टीव्हीसमोर बसून राहत, टीव्ही बंद असला तरी. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हते. तीन महिने पळणाऱ्या माणसावर मी चिडली, अन् आता तो बसला तर मलेच पाहवेना.

नवरात्र बसलं त्या दुपारी मी वाती वळत होती. सरळच विचारलं, एवढं काय झालं, एक नाटकच तर फसलं. एक वात उचलून बोटावर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "राधा, साठ झाले. किती उरले माहीत नाही. म्हणून सारं आताच करून घ्यायचं होतं."

मी म्हटलं, "त्याच उरलेल्यात मीही आहो ना."

मले उगाच रडू आलं, म्हणून उठली अन् स्टूल घेऊन माळ्यावरून माती काढली. तबला नाही काढला. एकच गोळा भिजवला, समोर ठेवला. काय बनवू म्हणाले. मी म्हटलं, मले बनवा, मी इथंच बसली आहो.

तेव्हापासून रोज दुपारी बसतात. मी वाती वळते, तांदूळ निवडते. अधूनमधून ओरडतात, हलू नको. मग मी मुद्दाम हलते.

या पत्राचं तुमच्या दादाले सांगू नका. तुमचा जीव आमच्यात आहे, म्हणून लिहिलं.
राधा

•

नेहरू नगर, भिलाई
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शालूस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

पेन परत हातात घेतला, कारण फोनवर हे सांगता आलं नसतं.

मी तुझ्या वहिनीची मूर्ती बनवून राहिलो. वीतभरच आहे, मांडीवर सूप घेऊन बसलेली. नाक चार वेळा मोडलं. पाचव्यांदा करताना माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या भुवईत एक बारीक खंड आहे. इतकी वर्षं सोबत राहिलो अन् मले तो दिसला नव्हता. लहानपणी चुलीवर पडली होती, म्हणाली. शालू, मी दुपारभर त्या एका भुवईवर होतो, अन् उठलो तेव्हा अंगात असं काही भरलं होतं की सायकल घेऊन सेक्टर सहापर्यंत उगाच एक चक्कर मारून आलो. पावसाळ्यात मी चार-चार कामं करून राहिलो होतो, पण त्यातलं एकही असं अंगात उतरलं नव्हतं.

तबलाही खाली आला आहे. सकाळी वहिनीचा स्वयंपाक होईपर्यंत वाजवतो. ती ताट वाढते, मी उठतो. पोट्टे दिवाळीचे दिवे शिकायले आले होते, त्यांना फक्त रविवार दिला. एकजण रुसला, पण रविवारी सगळ्यात आधी तोच आला.

काल देवीदास आला. मी आधी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, लोक अजून तुझाच मालगुजार विचारून राहिले, उन्हाळ्यात नवीन नाटक आहे, तू पायजे. शिवाय फोटो काढणाऱ्यांचा एक गट सुरू झाला आहे, कॅमेरा देतो म्हणाला. कॅमेऱ्याचं नाव काढलं अन् माझे हात शिवशिवले, तुले खोटं कावून सांगू. वहिनी चहा घेऊन दारातच थांबली.

मी म्हटलं, उन्हाळ्यात नाटक करतो, तोवर मूर्ती वाळून रंगवून होईल. कॅमेरा मात्र पुढल्या वर्षी.

बोलून गेलो अन् माझंच बोलणं मले ऐकू आलं. पुढल्या वर्षी, असं मी कधीपासून कोणाले म्हटलंच नव्हतं. जणू म्हटलं की वर्ष हातातून जाईल. देवीदास आरामात म्हणाला, ठीक आहे, पुढल्या वर्षी, अन् त्यानं चहा उचलला. वहिनी खुर्ची ओढून माझ्या बाजूले बसली, अन् माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला.

भाऊबीजेले जवाईबापूंसोबत नक्की ये. मूर्ती तोवर पुरी झालेली नसेल, तशीच पाहून घे.
दादाले हसत राहा, लोभ कमी करू नको.
तुझा,
केवलदादा