हिवबेटावर एक घर

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही असताना पत्र लिहिणार तरी कुठे? नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट संपली की घरीच यायचात. आज लिहितेय, कारण काल गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, आणि यंदा मखरात मी काय केलंय ते मीच सांगावं म्हटलं.

तुम्ही गेलात त्याला वर्ष व्हायचंय. सण साधाच करायचा होता. नीलेश म्हणाला, “आई, यंदा तयार मखर आणू. बाबांचं ते बर्फाचं बेट तुला झेपायचं नाय.” मी म्हटलं, “का रे? इतकी वर्षं कापूस पिंजून कोण देत होतं?” पोरगा कापूस आणायला उठला.

पेणमध्ये मूर्ती काय, गल्लोगल्ली घडतात. पण आपल्या रामवाडीच्या घरी लोक बाप्पाच्या पाया पडले की लगेच हिवबेट बघायला वळायचे. कुठल्याच नकाशात नसलेला, तुमच्या डोक्यातला देश. मधे बर्फाचं उंच पठार, कडेला शाडूचे काळे रंगवलेले डोंगर, मग गोठलेला समुद्र. भोवती फिरणारा दिवा म्हणजे उन्हाळ्यात न मावळणारा सूर्य. “इथं वारा दर्यावरून येत नाय,” तुम्ही सांगायचात. “पठारावर गारठतो, जड होतो नि घसरत खाली येतो. बर्फ पडतो थोडाच, पण पडलेला जात नाय.” मी आतून कान देऊन ऐकायची. पाठच झालं होतं मला.

एकदा माझा भाऊ अष्टमी गावाहून येताना प्लास्टिकचा पेंग्विन आणि पांढरं अस्वल घेऊन आला. तुम्ही भर पाहुण्यांत अस्वल त्याच्या पिशवीत परत टाकलंत. “मेव्हणे, ही दोघं पृथ्वीच्या एका टोकाला राहत नायत.” तो म्हणाला, “भावोजी, देशच खोटा हाय, मग अस्वलानं काय घोडं मारलं?” तुम्ही म्हणालात, “खोटा नाय, मनातला हाय. मनातला म्हणून वाट्टेल ते चालायचं नाय.” तेव्हा राग आला होता मला. माहेरचं माणूस ना ते! नंतर तेच वाक्य मी किती जणींना ऐकवलं म्हणून सांगू.

थर्माकोल बंद झालं त्या वर्षी तुम्ही किनाऱ्याला खाडीकडचं जाडं मीठ पसरलंत. भाद्रपदातली दमट हवा. गौरी येईतो सगळा किनारा पाझरायला लागला. मी फडकं घेऊन धावले, तर तुम्ही आडवे आलात. “पुसू नको गो, उन्हाळा लागलाय तिकडं. कडाच आधी वितळतात.” लादी शेवटी मीच पुसली. पण तुम्ही इतके खूश होता की मला रागावता आलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र अजून रुसलेय मी. दर वर्षी म्हणायची, एक घर ठेवा हो त्यात, एवढंसं, कौलारू. “राहील कोण? चुलीला लाकूड नाय, वाऱ्यात कौल टिकायचं नाय.” एवढा मोठा देश वसवलात आणि त्यात मला एक घर दिलं नाहीत. का हो?

यंदा अडवायला तुम्ही नव्हता. बेट उभं केलं, उरलेल्या शाडूचं घर केलं आणि हातात धरून बसले. पठारावर ठेवू? वारा तिथूनच सुटतो. किनाऱ्यावर? तो वितळतो. गोठलेल्या समुद्रावर? बर्फ तडकतो. जिथे हात नेला तिथे तुम्ही नाय म्हणत होतात. अख्खी दुपार गेली, रडूही आलं.

मग डोंगरामागे एक जागा दिसली. वारा डोंगराला अडतो. काळा खडक उन्हात तापतो, म्हणजे वरचा बर्फ वितळून प्यायला पाणी. समुद्र जवळ, म्हणजे मासळी आणि दिव्या-चुलीला सीलची चरबी. कौलं मात्र मी काढून टाकली, दगडाचं बुटकं छप्पर केलं. तेवढं तुमचं बरोबर होतं.

नीलेश बघून म्हणाला, “आई, बाबांना हे चाललं नसतं.” मी म्हटलं, “कारण सांग.” त्यानं चारी बाजूंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला एकही कारण सापडलं नाही.

हिवबेट मी मोडू देणार नाही, शब्द देते. पण आता ते घर तिथेच राहील. आणि अहो, नाय म्हणायला कारण तुम्हालाही सापडलं नसतं.

तुमची,
सुलभा