सतरा नंबरचा बिल्ला

गुरुवार, संध्याकाळ

आमच्या कामरेजच्या फार्मवर डुकरिणी फक्त वितात. दूध सुटलेली पिल्लं दुसऱ्याच्या शेडात वाढतात. सलग दोन वेतं पिल्लं कमी झाली, की डुकरीण कत्तलीला. नियम माझाच.

आज सतरा नंबरची डुकरीण कत्तलीच्या गाडीत चढेना. चौघांनी ढकलली, तरी नाही. शेवटी मीच वैतागून ओरडले, "चल गं, चल!" तिने कान टवकारले. कानातला नंबराचा बिल्ला हलला. मुकाट चढली.

शेड झाडणारी सुमनबाई म्हणाली, "ताई, तिले वाटनं, तुम्ही खावाले बलावतस."

खरंच, रोज खाणं टाकताना माझी हीच हाक. मग आज वेगळी का नाही मारली? तो हललेला बिल्ला डोळ्यांपुढून जात नाही.

उद्या सकाळी बाकीच्यांना खायला बोलवायचंय. कुठल्या तोंडाने?