हो आई, जेवलो

रविवार, १२ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार. मी धडधाकट आहे. अक्षर बघून नाक मुरडू नकोस, कित्येक वर्षांनी पेन धरलंय. खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. सुट्टीच्या दिवशी बोलायला तेवढीच.

काम बरं चाललंय. मी बॉट बनवतो, म्हणजे गिऱ्हाइकांशी माणसासारखं बोलणारा प्रोग्रॅम. तो कान टवकारून बसलेला असतो. संदेश आला की ती त्याच्यासाठी घटना. त्या घटनेला नेमून दिलेलं उत्तर तो देतो. कुणी बोललंच नाही तर ढिम्म. स्वतःहून तोंड उघडत नाही.

आईचं प्लास्टर कधी निघणार?

टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सांगूनच टाकतो. गेल्या वर्षी असाच एक बॉट मी आईसाठी केला. ती रोज विचारायची, 'जेवलास का?' मी मीटिंगमध्ये असलो की उत्तराला उशीर व्हायचा आणि ती घाबरीघुबरी. म्हणून तिचा कुठलाही संदेश आला की आपोआप जायचं, 'हो आई, जेवलो. तू औषध घेतलंस ना?' हळूहळू मी तिचे संदेश उघडेनासाच झालो.

ती पडली त्या दिवशी तू लॅबमध्ये होतीस, फोन कपाटात. तू फोन उचलेनास, माझा मीटिंगमुळे बंद, म्हणून तिने मला लिहिलं, 'न्हाणीघरात पडले रे. उठता येत नाही. शेजारी कळव.' तीन सेकंदांत माझं उत्तर गेलं, 'हो आई, जेवलो.'

चार तास ती फरशीवर होती, ताई.

तिने तिच्या फोनमधून ते पुसून टाकलं असणार, नाहीतर तुला दिसलं असतं; आणि तुला काहीच बोलली नाही. तू मात्र तो न उचललेला फोन उराशी धरून रडत बसलीस, आणि मी इकडून तुझी समजूत घालत होतो! लाज वाटते.

परवा तो बॉट काढून टाकला. काल तिने विचारलं, 'जेवलास का?' अर्ध्या तासाने मी लिहिलं, 'नाही अजून.' लगेच तिचं आलं, 'आज तूच आहेस वाटतं.'

म्हणजे तिला कळलेलं होतं. तरी रोज विचारत राहिली.

हे पत्र तिला दाखवायचं की नाही, तू ठरव. त्या फोनचा दोष मात्र स्वतःला लावू नकोस. तो माझा आहे.

या वेळी कुणी न विचारता लिहिणारा,
तुझा धाकटा