चार बोल्टांवरचा रंग

अप्पा, गेल्या सोमवारी मी तुमचे चार बोल्ट खोलले.

जहागीरदारांची ती लांब नाकाची, दोन माणसांची शर्यतीची गाडी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही गेलात, मग जहागिरी गेली, आणि गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. यंदा हळ्ळीखेडच्या एका गुत्तेदारांनी ती घेतली. हे रस्त्यांची कामं घेतात, पण रस्त्यावर सावकाश चालवणं त्यांना ठाऊक नाही. हुमनाबादहून गुलबर्ग्याला निघाले की कमलापूरच्या अलीकडेच गाडी उकळते. बॉनेटमधून वाफ आणि त्यांच्या तोंडून शिव्या. "तुझ्या बापाचा हात लागलेली गाडी म्हणून घेतली मी," ते माझ्या पायाशी पान थुंकत म्हणाले. "आता हिला आनखी एक रेडिएटर बसव. दोन फुप्फुसं असली की दम लागत न्हाई." तुम्ही जन्मभर 'रेडवाटर' म्हणालात. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण 'रेडिएटर' शुद्ध लिहितो.

कल्पना वाईट नव्हती. भंगारातून मिलिटरी ट्रकचा एक लहान रेडिएटर आणला. पुढच्या जाळीखाली, डाव्या अंगाला, जिथं वारा थेट लागतो, तिथं त्याची जागा ठरवली. त्याचं डोकं मोठ्या रेडिएटरच्या झाकणाच्या खाली राहिलं पाहिजे, नाही तर वर हवा अडकते, म्हणून दोरा धरून तीनदा मापलं. इंजिनातून येणाऱ्या गरम पाण्याच्या नळीला दोन फाटे करायचे: एक जुन्यात, एक नव्यात. त्यासाठी जुना उतरवणं भाग होतं. पाना लावला आणि हात थांबला. चारही बोल्टांवर कंपनीचा काळा रंग शाबूत होता. एकाच्याही कोपऱ्यावर पान्याचा ओरखडा नाही.

तो दिवस मला पाठ आहे. जहागीरदार शेडच्या दारात उभे आहेत, मी तुमच्या मागे, आणि तुम्ही सांगताय, "हुजूर, रेडवाटर उतरवलं, झाळलं, पुन्हा चढवलं. आता टिपूस गळणार न्हाई." ते खूश होऊन तुम्हाला विलायती पान्यांचा संच देतात. माझ्या हातातला पाना त्यातलाच. आणि त्याच दिवशी दुपारी आई चुलीपाशी डबा आपटत विचारते, "हळद कोण खायलंय या घरात?" तुम्ही भाकरीवरची मान वर न करता म्हणता, "तुज्याच हातानं भाजीत जास्त पडायलीय." पुढं एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, की ड्रायव्हर लोक गळतीला हळद घालतात, मग आपण कामून घालत न्हाई? तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. "हळदीनं गळती बुजवणारा मिस्त्री आन दुधात पाणी घालणारा गवळी, दोघं एका आईचे. पुन्यांदा बोलशील तर शेडमदी पाय ठेवू नकोस." आठवडाभर मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं, शुद्ध करून.

बोल्ट खोलले. खालची नळी ओढली तसा तळहातावर गोळा पडला. पिवळट तांबडा, बुळबुळीत, गंजाचा आणि नासक्या भाजीचा वास असलेला. आत तार घातली, तर निम्म्याहून जास्त नळ्या बंद. दगडानं घासून हात धुतले, तरी नखांत राहिलंच. दोन दिवस सोड्याच्या पाण्यात उकळून काढला असता, तर जुना एकटा पुरला असता. दुसऱ्याची गरजच नव्हती.

नेमके तेव्हाच गुत्तेदार आले. "काय रं, जुन्यात काय खोट हाय का?"

"न्हाई मालक. गाडीच गरम जातीची हाय."

"बापावानी सरळ हायस," ते हसले. जुना मी न धुताच चढवला. धुतला असता, तर सगळ्या अंगणात पिवळं पाणी वाहिलं असतं आणि तुमचं नाव गावभर खराब झालं असतं. तुम्हाला वाचवायचं होतं की मला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आज गाडी गुलबर्ग्याला जाऊन आली. उष्णतेचा काटा हलला नाही. पाण्याला मोकळी वाट मिळाली, ते तिकडून गेलं. शेडमधले लोक माझी पाठ थोपटायला आले, तेव्हा मी हात मागे लपवले.

हे पत्र त्याच वहीत, त्याच वाक्याच्या पानाशी ठेवतो आहे. कागदाच्या कोपऱ्याला पिवळं बोट लागलंय. कुणी पाहिलं, तर लग्नाची चिठ्ठी समजेल. आज सकाळी गाडी द्यायच्या वेळी ट्रकचा रेडिएटर एका सांध्यातून पाझरायला लागला होता आणि गुत्तेदार दारात हॉर्न वाजवत होते. संध्याकाळी आईनं हळदीचा डबा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीवरची मान वर केली नाही. तिनं झाकण लावून डबा वरच्या फळीवर ठेवला.

एक चमचा पुरला असता, अप्पा. मी भीतीनं दोन घातले.