दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

वॉल्सॉल, ४ मार्च २०१६

ती. बेरिलताईस धाकट्या ग्रॅहमचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकल्यासारखं करतेस, म्हणून पत्र. आमच्या बँडची एकाहत्तर सालची रेकॉर्ड पुन्हा निघतेय. लंडनची एक छोटी कंपनी त्या काळच्या विसरलेल्या ब्लूज-रॉक तबकड्या हुडकून काढते. तेव्हा आमच्या दोनशेही खपल्या नव्हत्या, आता जपानमधून विचारणा होते म्हणे. सोबत पुस्तिका असेल. कोणी काय वाजवलं ते मी कळवायचंय.

मला खरं ते कळवायचंय. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यातला माउथ ऑर्गन, ज्याचं मासिकांनी एवढं कौतुक केलं, तो टेरीने नाही, तू वाजवलास. त्याची दाढ सुजली होती, स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता, आणि कव्हर त्याच्या नावासकट आधीच छापून झालं होतं. पंचेचाळीस वर्षं झाली, ताई. आता नाव येऊ दे तुझं.

तुझा,
ग्रॅहम

व्हिटबी, ९ मार्च

चि. ग्रॅहम यास अ. आ.

नाही म्हणजे नाही. त्या वेळी राग आला नव्हता असं म्हणणार नाही. मासिकाचं ते पान मी शेगडीत घातलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी टेरी गेला, तेव्हा अंत्यविधीला पॉलीनने तेच गाणं लावलं. मी तिसऱ्या बाकावर होते. ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली की, ऐक, हा माझा टेरी. आता त्या विधवा बाईकडून तेवढंही काढून घेऊ? शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं पोरांना जेवू घातलं, त्यावर कुठे माझं नाव छापलं होतं?

जुनं छापलंय तेच कळव. आणि तोंडाला झाकण ठेव, जे तुला जन्मापासून जमलेलं नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
बेरिल

वॉल्सॉल, २१ मार्च

ती. ताईस सा. न.

जुनं होतं तेच कंपनीला कळवलं. पण झाकण राहिलं नाही. रविवारी पॉलीनकडे चहाला गेलो आणि सगळं बोलून बसलो, अगदी तिसऱ्या बाकासकट. ती उठली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. मी टोपी घेऊन निघालो. शिव्या घालायच्या तर सावकाश घाल, मी ऐकायला तयार आहे.

ग्रॅहम

वॉल्सॉल, २ एप्रिल

बेरिलताईंना स. न. वि. वि.

तुमच्या भावाला वाटलं की मला धक्का बसला. तसं नाही, मला लाज वाटली. टेरीने लग्नाच्या वर्षीच मला खरं सांगितलं होतं. दर नाताळला म्हणायचा की बेरिलला पत्र टाकतो, सगळीकडे कळवतो. मीच टाकू दिलं नाही. कारखान्यात जन्म गेला त्याचा. लोक ओळखायचे ते त्या एका गाण्यावरून. तेवढं राहू दे, असं मी म्हणायची, आणि तो गप्प बसायचा. आता वाटतं, त्याला गप्प बसवायला नको होतं.

त्या दिवशी शेजारणीजवळ मी जाणूनबुजून खोटं बोलले. तुम्ही मागे बसला होतात हे मला ठाऊक नव्हतं. आता नाव दुरुस्त करून घ्या. ग्रॅहमला मी तसं सांगितलंय.

लोभ धरावा असा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, तरी मागते.
पॉलीन ट्रँटर

वॉल्सॉल, १८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

कंपनीला लगेच कळवलं, पण पुस्तिका छापून झाली होती. तिथल्या बाईने मनापासून क्षमा मागितली. पुढच्या खेपेला बघू, म्हणाली. पॉलीनने ते ऐकलं आणि शनिवारी गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात खुर्ची मांडून बसली. आलेल्या साठही प्रतींवर टेरीच्या नावाखाली तिने पेनने लिहिलं: तिसऱ्या गाण्यात बेरिल. दुकानदार कुरकुरला की माल खराब होतोय. ती म्हणाली, नवरा माझा, त्याच्या नावाखाली काय लिहायचं ते मी ठरवीन. मग तो गुपचूप चहा घेऊन आला. एक प्रत तुला पाठवतोय.

तुझा झाकण नसलेला,
ग्रॅहम

व्हिटबी, २७ जून

प्रिय पॉलीन हिस स. न. वि. वि.

रेकॉर्ड पोचली. तुझं अक्षर छान आहे. लेकीने तबकडी लावली आणि मी सगळी ऐकली. मध्यावर एक स्वर चांगलाच घसरलाय. इतकी वर्षं तो टेरीच्या नावावर होता आणि तो बिचारा कधी बोलला नाही. आता लोक मला बोलतील, आणि ते बरोबरच आहे.

राग होता तो गेला. जुलैत इकडे ये, चार दिवस राहा. टेरी कसा होता ते मला सांग. मला तो फक्त सुजलेल्या गालाचा आठवतो.

तुझी,
बेरिल